कूलरसमोरची जागा

लखनौत मला सगळे 'आप' म्हणतात. शाखेतले सहकारी, भाजीवाला, ई-रिक्षावाला, घरमालकीण आंटी. एकदा रांगेत पुढे घुसलेल्या एका माणसाला मी हटकलं, तर तोही माझ्याशी 'आप समझ नहीं रहे हैं' असं म्हणतच भांडला. आलमबागेतल्या एका सरकारी बँकेच्या शाखेत मी अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा या 'आप'चं मला फार अप्रूप होतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. त्यांना कोणी 'अहो' म्हणून हाक मारलेली मी क्वचितच ऐकली होती. त्यांच्या मुलाशी पिकल्या केसांची माणसं अदबीनं बोलतात, हे त्यांना फोनवर सांगताना मला भरून यायचं. पण काही महिने गेल्यावर लक्षात आलं, की या एवढ्या मोठ्या शहरात मला 'अबे' म्हणणारं एकही माणूस नाही.

ते ऐकायला मिळायचं फक्त रविवारी दुपारी चार वाजता.

अमरावतीच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक आता अकोल्याला आईबरोबर राहतो आणि जिल्हा परिषदेत नोकरी करतो. दुसरा पुण्यात एका कंपनीत आहे. होस्टेलमध्ये लागलेलं एका ऑनलाइन गेमचं वेड नोकरीनंतरही सुटलं नाही. तिघांचा एक संघ, एक मोठं बेट, त्यावर असे पुष्कळ संघ उतरायचे आणि शेवटी जो उरेल तो जिंकायचा. कानाला हेडफोन लावलेले असायचे आणि खेळता खेळता अखंड बडबड चाललेली असायची. पुण्यातल्या साहेबाची नक्कल, अकोल्यातलं कोणाचं तरी लग्न, माझ्या शाखेतल्या गमती. सगळं वऱ्हाडीत. खरं सांगायचं तर गेममध्ये मी कधीच फार चांगला नव्हतो. मी त्या बडबडीसाठी यायचो.

माझा कॉम्प्युटर होस्टेलच्या शेवटच्या वर्षी जोडलेला होता. तिघांनी मिळून जोडला होता, म्हणून तो लखनौपर्यंत मी रेल्वेत मांडीवर घेऊन आणला. दोन-तीन वर्षं त्यानं साथ दिली. मग गेमची नवी आवृत्ती आली आणि तो धापा टाकू लागला. चित्र अडकायचं. मी दाराच्या कडीला हात घालायचो आणि दार उघडेपर्यंत कोणीतरी मला मारून पुढे गेलेलं असायचं.

"काहून उभा आहेस बे तिथं?" अकोल्याचा विचारायचा.

"उभा नाही, पळून रायलो."

"आम्हाले त पुतळा दिसून रायला. हार घालू का?"

पुण्याचा पोट धरून हसायचा. मीही हसायचो. पण तिघांच्या खेळात एक पुतळा असला की उरलेले दोघं हरतातच, आणि रविवार हा त्यांचाही एकच होता. एप्रिलमध्ये पुण्याच्या मित्रानं फार सांभाळून विषय काढला. त्याच्या कंपनीत इंदूरचा एक मुलगा होता, चांगला खेळायचा. "तुझं मशीन नीट होईपर्यंत त्याला घेऊ का? नुसतं होईपर्यंत हं." मी म्हटलं, घे की, त्यात काय. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो 'होईपर्यंत' माझ्या डोक्यात फिरत राहिला. मशीन आपोआप नीट होणार नव्हतं. ते मी नीट केलं नाही तर रविवारचे चार वाजतील, ते दोघं जमतील, आणि माझ्या जागी दुसरा कोणीतरी असेल.

लखनौत मराठी माणसं नाहीत असं नाही. गोमती नगरात संशोधन संस्थेतली, विद्यापीठातली पुष्कळ कुटुंबं आहेत. एका संक्रांतीला मी गेलो होतो त्यांच्याकडे. तीळगूळ मिळाला, फार प्रेमानं वागवलं. पण त्यांचं मराठी वर्तमानपत्रासारखं स्वच्छ होतं आणि त्यांच्या मुलांशी मराठीत बोललं की मुलं हिंदीत उत्तर द्यायची. "बेटा, काकांशी मराठीत बोल ना," आई म्हणायची, आणि मुलगा म्हणायचा, "हाँ, बोल तो रहा हूँ." मी तिथे प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बोलत होतो. शाळेत वर्गापुढे उभं राहून कविता म्हणताना जसा घाम यायचा तसा जानेवारीत आला. पुन्हा गेलो नाही. त्यांचा काही दोष नव्हता.

मशीन नीट करायचं ठरवलं. एका शनिवारी आलमबागेहून मेट्रोनं हजरतगंजला गेलो. तिथल्या कॉम्प्युटर बाजारात वरच्या मजल्यावर जुने सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. पडद्यावरचं चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड नवीन घेणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश जूनमध्ये व्हायचा होता आणि ते आधी होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. एका दुकानदारानं वापरलेलं एक कार्ड काढून पुसून समोर ठेवलं.

"चलेगा?" मी विचारलं.

"दौड़ेगा, भाईसाहब. किसी शरीफ़ लड़के का था, सिर्फ़ संडे को खेलता था."

शरीफ मुलानं ते विकलं का, हे मी विचारलं नाही. कार्ड घेतलं, रॅमची एक जोडी घेतली, आणि या दोघांना पुरेल असा पॉवर सप्लाय घेतला. प्रोसेसर बदलणं मात्र शक्य नव्हतं. तो बदलायचा तर मदरबोर्डही बदलावा लागला असता. म्हणून जुन्यालाच जास्त पळवायचं ठरवलं.

याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कारखान्यात प्रोसेसरचा एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो थोडा थोडा वाढवत न्यायचा. वेग वाढवला की त्याला वीज जास्त लागते, वीज जास्त दिली की तो तापतो, आणि फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद पडतो. या तिन्हींच्या मधली एक जागा शोधायची असते. ती प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते, म्हणून व्हिडिओत पाहून उपयोग नसतो. स्वतः शोधावी लागते.

मी ती सकाळी शोधायचो. उठलो की आंघोळीच्या आधी वेग एक पायरी वाढवायचा, तपासणीचा प्रोग्राम लावायचा, आणि आंघोळ करून येईपर्यंत तो टिकला का ते पाहायचं. कधी पडदा निळा होऊन सगळं थांबलेलं असायचं. मग वीज एक कणभर वाढवायची, पुन्हा लावायचं, डबा भरायचा, पुन्हा पाहायचं. त्या दिवसांत मला बरं वाटायचं. खोलीत काहीतरी चाललेलं आहे, आणि त्याला माझी गरज आहे, असं. एके सकाळी मी ठरवलेल्या वेगावर तो अर्धा तास न कुरकुरता चालला. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. अकोल्याचा त्या वेळी झोपलेला असणार. जिना उतरताना मालकीण आंटी भेटल्या, तुळशीला पाणी घालत होत्या. मी त्यांनाच सांगितलं, "आंटी, मेरा कंप्यूटर अब पहले से बहुत तेज़ चल रहा है."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "अच्छा? बिजली का बिल तो नहीं बढ़ेगा, भैया?"

"नहीं, आंटी."

"तब ठीक है. मुबारक हो."

दिवसभरात मला मिळालेलं तेवढंच अभिनंदन.

त्या रविवारी मी मित्रांना सांगितलं, आज मी येतोय. इंदूरच्या मुलानं जागा दिली. "भैया, आप खेलिए, मैं सुनता हूँ," म्हणाला आणि गटातच थांबला. बेटावर उतरलो. चित्र असं सरकत होतं जणू काचेवरून पाणी. मी पहिल्यांदाच कोणाला तरी, त्यानं मला पाहण्याआधी, पाहिलं. "अरे बाप्पा! पुतळा चालला!" अकोल्याचा ओरडला. आणि दहाव्या मिनिटाला सगळं काळं झालं.

मी एक साधी गोष्ट विसरलो होतो. तपासण्या मी सकाळी सहाला करत होतो आणि खेळ दुपारी चारला होता. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतली माझी खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात दुपारी चारला तिचं छत तव्यासारखं तापलेलं असतं आणि खिडकीच्या फटीतून लूच्या गरम झळा आत येतात. सकाळच्या गारव्यात टिकणारा वेग त्या तव्याखाली टिकणं शक्य नव्हतं.

आता कोणीही शहाणा माणूस वेग पुन्हा कमी करतो. पण कमी केला की चित्र पुन्हा अडकू लागे, आणि गटात इंदूरचा मुलगा शांतपणे ऐकत बसलेला होता. मी खोलीत नजर फिरवली आणि मला कूलर दिसला.

आमच्याकडे वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा मानाची असते. खिडकीत कूलर घरघरत असतो, वाळ्याचा ओला वास येत असतो, आणि त्याच्या बरोबर समोर कोणाला बसवायचं हे ठरलेलं असतं. उन्हातून आलेला पाहुणा, माहेरी आलेली लेकुरवाळी, तापातून उठलेलं माणूस. घरचे लोक भिंतीकडेला सरकतात. पाहुणा दोनदा 'नाही, नाही, बसा तुम्ही' म्हणतो, तिसऱ्यांदा बसतो. बारावीच्या वर्षी माझी परीक्षा होईपर्यंत आईनं ती जागा मला दिली होती आणि स्वतः वडिलांबरोबर ओसरीत झोपली होती. कूलरची हवा म्हणजे भलं करणारी हवा, यापलीकडे त्या हवेबद्दल आमच्या घरात कधी कोणी विचार केलेला नव्हता. मीही केला नाही. इंजिनिअर असूनही नाही.

कूलरसमोर स्टूल ठेवलं, त्यावर कॉम्प्युटरचा डबा ठेवला, त्याचा एका बाजूचा पत्रा काढून आतली बाजू सरळ हवेकडे केली. मी स्वतः उलट्या कोपऱ्यात, भिंतीकडेला, ओला गमछा डोक्यावर घेऊन बसलो. तापमानाचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला आणि तिथेच राहिला.

त्यानंतरचे तीन रविवार माझ्या लखनौमधल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत मोडतात. आम्ही जिंकत नव्हतो, पण पहिल्या दहांत यायचो. घामानं चड्डीसुद्धा ओली व्हायची. "कशाची घरघर येऊन रायली बे तुझ्याकडून?" पुण्याच्यानं विचारलं. मी म्हटलं, कूलर आहे. "तू कूलरसमोर बसून खेळतो का? मजा आहे लेका!" अकोल्याचा म्हणाला. मी म्हटलं, "मी नाही, मशीन बसलं आहे." दोघं असे हसले की आम्ही तिघंही मेलो, गेममध्ये. इंदूरच्या मुलाला काही कळलं नाही. "क्या हुआ? मुझे भी बताओ यार," तो म्हणत राहिला, आणि पुण्याच्यानं त्याला हिंदीत समजावून सांगितलं. हिंदीत ती गोष्ट तितकी हसण्यासारखी राहिली नाही. पण तो भला मुलगा होता, हसला.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो दर रविवारी गटात असायचा, कारण मी नसलेल्या रविवारांत त्यांची गट्टी जमली होती. त्याला कळावं म्हणून दोघं अर्धं हिंदीत बोलू लागले होते. मी घाम गाळून मिळवलेल्या जागेवर बसून पुन्हा हिंदीच ऐकत होतो. तरी मी जागा सोडायला तयार नव्हतो.

चौथ्या रविवारी साडेतीनला बटण दाबलं. पंखे एकदा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डबा जवळ ओढून आत पाहिलं तर मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या सॉकेटच्या आजूबाजूला, पांढरी पूड बसली होती. माझ्या बादलीच्या कडेला बसते तशीच. इथलं बोअरचं पाणी जड आहे. पंप सुरू झाला की कूलर पहिल्या झटक्याला गवतातून बारीक तुषार फेकतो. अंगावर आले तर सुखाचे वाटतात. डब्यात ते दर रविवारी पडत होते, वाळत होते, मीठ मागे ठेवत होते. काही पिना हिरवट झाल्या होत्या. मी जुन्या टूथब्रशनं ती पूड झाडत बसलो. चार वाजले. फोन वाजला, अकोल्याचा होता. मी म्हटलं, "तुम्ही लावा. आज होत नाही."

पुढच्या शनिवारी पुन्हा हजरतगंजला. दुकानदारानं बोर्ड उजेडाकडे धरून पाहिला. "भाईसाहब, यह कंप्यूटर है कि मछलीघर?" मग माझा चेहरा पाहून त्यानं चहा मागवला. प्रोसेसर आणि बोर्ड गेले होते. रॅम शंकास्पद. ग्राफिक्स कार्ड तेवढं पलीकडच्या बाजूला असल्यामुळे बचावलं होतं. त्यानं ते स्वतःच्या मशीनला लावून दाखवलं, पडदा लख्ख उजळला. बाकी सगळं नवं घ्यायचं तर त्यानं एक आकडा सांगितला. त्याच आठवड्यात बहिणीचा प्रवेश झाला होता. तिनं कॉलेजच्या फाटकासमोर उभं राहून काढलेला फोटो मला पाठवला होता, वडील शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यात. मी कार्ड पिशवीत घातलं, दुकानदाराचे आभार मानले आणि खाली उतरलो. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण पश्चात्ताप म्हणावा असं काही वाटलं नाही.

रविवारी चारच्या आधी मीच अकोल्याला फोन केला. म्हटलं, "माझं संपलं रे. इंदूरवाल्यालाच घ्या आता कायमचं."

तो म्हणाला, "मले बी सोडून द्यावं लागते वाटते. माह्यं कार्ड कालपासून रेषा दाखवून रायलं. आई म्हणते, बरं झालं, टळली पीडा."

म्हणजे अकोल्याचाही गेला असता. मग पुण्याचा आणि त्याचा इंदूरचा मित्र असे दोघंच उरले असते, त्यांनी पुण्यातलाच तिसरा शोधला असता, आणि रविवारचे चार हे फक्त चार झाले असते. मी म्हटलं, "माझं कार्ड पाठवतो तुला."

"पागल झाला का? तू लाव ना नवीन मशीनले."

"नवीन मशीन कुठं आहे? माझ्याकडे पडून राहील. घे."

"पैसे किती?"

"मार खाशील."

कार्ड मी एका जुन्या टर्किश टॉवेलात गुंडाळलं, बुटाच्या खोक्यात घातलं, आणि आजूबाजूला बँकेतल्या पैसे भरायच्या जुन्या स्लिपा चुरगळून कोंबल्या. कुरिअरवाल्यानं विचारलं, "नाज़ुक है?" मी म्हटलं, हो. त्यानं खोक्यावर लाल अक्षरांत तसं लिहिलं आणि खोकं इतर खोक्यांवर टाकलं.

नंतरच्या रविवारी चारला मी मोबाइलवरून गटात शिरलो. खेळायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं. अकोल्याचा कार्ड लावून आत्ताच बसला होता. त्यानं गेममधला चित्राचा दर्जा सगळ्यात वर नेला, जो मी कधी लावलाच नव्हता. वेग मिळावा म्हणून मी कायम सगळ्यात खालचा ठेवायचो. माझ्या बेटावर गवत म्हणजे एक हिरवा पट्टा होता.

"बाप रे," तो म्हणाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गवत हलून रायलं बे. एक एक पातं. अन् पाण्यात आभाळ दिसून रायलं."

"ढग आहेत का?"

"आहेत ना. थांब, पाण्याजवळ जाऊन पाहतो. हां, जाऊन रायले ते. हळूहळू जाऊन रायले."

"अजून?"

"अजून त्या पलीकडं डोंगर आहे. त्यावर एक झाड आहे, एकटंच. आपल्याले हे झाड कधी दिसलंच नव्हतं."

तेवढ्यात पुण्याचा ओरडला, "चलो चलो, आ रहे हैं!" आणि इंदूरचा काहीतरी म्हणाला, आणि तिघंही कामाला लागले. मग बराच वेळ नुसतं 'उजवीकडे', 'पीछे देख', 'थांब थांब' असं ऐकू येत राहिलं. मी कुठे उजवीकडे हे पाहू शकत नव्हतो. फोन छातीवर ठेवून पडून राहिलो, आणि मधून मधून कोणी माझं नाव घेतं का ते ऐकत राहिलो.